घर क्रमांक नऊ

मावशी हे काही त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव तिकीटखिडकीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मातृवंश-वाचक'. पण संग्रहालय उघडून चार वर्षं झाली तरी ते कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. आई, तिची आई, तिची आई असं मागं मागं जात हे यंत्र तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांशी नातं काढून द्यायचं. बापाकडचं काही विचारायचंच नाही. मग मावशी नाही तर कोण? रांगेतली माणसंसुद्धा एकमेकांना विचारत, "मावशीला भेटलात का? काय म्हणाली?"

मोनालीला मावशीला भेटायचं नव्हतं.

"मला नको बाई ते," ती म्हणाली. "आपण फोटो काढायला आलोय, फोटो काढू आणि ऊन चढायच्या आत घरी जाऊ. पोरीला सातवा चाललाय."

"अहो विहीणबाई, रक्त काढत नाहीत," वर्षाताई म्हणाल्या. "कागदाची पट्टी जिभेला लावायची, की झालं. अकरा मिनिटांत चिठ्ठी हातात. ही बघा माझी." त्यांनी चिठ्ठी डोळ्यांसमोर नाचवली. 'अभिनंदन! तुमचं मातृकूळ घर क्रमांक चारमधल्या माणसांशी जुळतं.' "चार नंबर म्हणजे भट्टीच्या शेजारचं. मडकी भाजणारे आम्ही! आणि आमच्या आईनं जन्मभर मिरवलं, आपलं घराणं सरदारांचं म्हणून. आता एवढंच विचारायचंय, त्यातलं कुणी काचेखाली झोपलेलं असलं, तर आम्हाला सुतक लागतं का?"

दुर्वा हसता हसता पोट धरून बाकावर टेकली. "आई, लाव ना गं पट्टी. तुझं तेच माझं असणार. कळू दे तरी आपण कोण ते."

दुर्वानं काही मागावं आणि मोनालीनं नाही म्हणावं, असं सव्वीस वर्षांत फारसं घडलं नव्हतं. एकुलती एक पोर. तिनं पट्टी जिभेवर टेकवली, तोंड वाकडं केलं आणि यंत्राच्या फटीत सरकवली.

हे संग्रहालय कुकडीच्या काठी पांढरीच्या टेकाडावर आहे. जुन्या वस्तीच्या राखट मातीला गावाकडं पांढर म्हणतात. एके काळी आसपासची माणसं ती माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत. तिच्यातून खापरं निघतात, हाडं निघतात, याचं कुणाला काही वाटायचं नाही. मग उत्खनन झालं आणि ताम्रपाषाणयुगातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या माणसांचं, एक अख्खं गाव खालून निघालं. घरांच्या मूळ जमिनी आता काचेखाली होत्या, आणि प्रत्येक जमिनीवर त्याच मापाचं, कुडाच्या भिंतींचं आणि गवती छपराचं घर नव्यानं उभं केलं होतं. डोहाळजेवणाच्या फोटोंना हल्ली याच घरांची फॅशन. चंद्रकोरीवर बसून फोटो काढायचे दिवस गेले. आता पोटुशा मुली हिरवी पैठणी नेसून दगडी पाट्यापाशी बसत आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईसारखा चेहरा करत. त्या बाईला पैठणी कुठली, असं विचारायची सोय नव्हती. लोक रागावत.

अकरा मिनिटांची वीस मिनिटं झाली तरी मावशी बोलेना. शेवटी चिठ्ठी आली. खिडकीतल्या बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली.

"नऊ?" त्या म्हणाल्या. "नऊ कधी कुणाला आला नाही हो. चार वर्षांत एकदासुद्धा नाही."

"म्हणजे बक्षीस लागलं का?" वर्षाताईंनी विचारलं.

"तसं नाही... मी आपली सरांना कळवते." त्यांनी फोन उचलला. चिठ्ठी मात्र मोनालीच्या हातात दिली, कारण चिठ्ठी पाहुण्याच्या हातात द्यायची असा नियमच होता. 'अभिनंदन! तुमचं मातृकूळ घर क्रमांक नऊमधल्या माणसांशी जुळतं.' त्यापुढे एक हसरी बाहुली छापलेली होती.

आधी कुठल्या घरात फोटो काढायचे, यावर थोडी खडाजंगी झाली. वर्षाताईंचं म्हणणं, मुलगी सासरची, तर पहिला फोटो सासरच्या घरात, म्हणजे चार नंबरात. मोनालीला त्यात भांडण्यासारखं काही वाटलं नाही. विहीण बोलायला फटकळ होती, पण दुर्वाला जीव लावायची. "जा तुम्ही," ती म्हणाली. "तोवर मी आमचं माहेर बघून येते."

घर क्रमांक नऊ अगदी टोकाला, नदीच्या बाजूला होतं. तिथवर फारसं कुणी येत नव्हतं. मोनाली वाकून आत शिरली. आत गार होतं, ओल्या सारवणाचा वास होता. मधोमध जमिनीत काच बसवलेली, आणि तिच्याखाली मडकीच मडकी. लाल, आडवी ठेवलेली, दोन-दोन, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलेली. भिंतीवर पाटी होती. ती चष्मा काढून, पदरानं पुसून, निवांतपणे वाचायला लागली.

'या घराच्या जमिनीखाली मडक्यांच्या सात जोड्या सापडल्या. त्या काळातले लोक दगावलेल्या तान्ह्या बाळाला घराबाहेर नेत नसत. दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यांत बाळाला ठेवत, राहत्या घरातच पुरत आणि वरून जमीन सारवून घेत. ही सातही बाळं चार ते आठ महिन्यांची आहेत. गरम मुलखात डीएनए टिकत नाही असा समज होता; पण कानामागच्या दगडासारख्या घट्ट हाडात तो टिकला. त्यावरून कळलं की ही बाळं एका बाईची नव्हेत. आई, मुलगी, नात, पणती, खापरपणती अशा पाच पिढ्यांमधल्या बायांची आहेत; लेकी याच घरात राहत होत्या. सातही बाळांच्या तंतुकणिकांमध्ये एकाच अक्षराची चूक आहे. तंतुकणिका म्हणजे पेशीतली चूल. तिच्यावर शरीराची सगळी ऊर्जा शिजते, आणि ती फक्त आईकडून मिळते. अशी चूक असलेलं बाळ जन्मतः धडधाकट दिसतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याची धरलेली मान पुन्हा लुळी पडते. ते दूध ओढेनासं होतं, डोळे स्थिर राहत नाहीत, श्वास अडखळतो. हे मातृकूळ पुढे टिकलं नसावं.'

मोनालीनं पाटी दुसऱ्यांदा वाचली. 'धरलेली मान पुन्हा लुळी पडते' या शब्दांपाशी तिचे डोळे अडकले, पुढे सरकेनात.

दुर्वा तीन वर्षांची असताना मोनालीला मुलगा झाला होता. आरुष. गोरापान, बाळसेदार, पाचव्या महिन्यापर्यंत कुणाची दृष्ट लागावी असा. मग तो किरकिर करायला लागला. तीन दिवस झोपेना, पिईना. मोनाली रोज सहाणेवर बाळगुटी उगाळायची. हिरडा, वेखंड, जायफळ, कशाचे किती वेढे ते तिच्या आईनं महिन्यागणिक ठरवून दिलेलं. तिसऱ्या दिवशी, पोर जरा झोपावं म्हणून, तिनं जायफळाचे दोन वेढे जास्त दिले. पोर झोपलं. उठलं तेव्हा मान टाकलेली होती. पुढचे सहा आठवडे इस्पितळात गेले आणि मग तेही संपले. डॉक्टर कधी म्हणाले मेंदूला ताप, कधी म्हणाले झटके. घरचे म्हणाले नशीब. मोनाली काहीच म्हणाली नाही. दोन वेढ्यांचं तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, देवासमोरसुद्धा मोठ्यानं उच्चारलं नाही. पुन्हा मूल नको म्हणाली, आणि का नको ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तेवीस वर्षं.

आता ती काचेच्या कडेला उभी होती. "मी नाही केलं," ती मोठ्यानं म्हणाली. "जायफळानं नाही झालं. मी नाही केलं!" तिला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. खाली वाकून त्या मडक्यांतल्या बाळांच्या आयांच्या पाया पडावं, असं वाटलं. आपल्यासारख्या पाच जणी इथेच, याच जमिनीवर बसल्या असतील, आणि त्यांनीही आपापलं काहीतरी जास्त झालं असं धरून ठेवलं असेल. काय वेड्या आम्ही! इतकं हलकं तिला आरुष गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

आणि मग तिला दुर्वा आठवली.

ती काचेच्या कडेलाच खाली बसली. तुझं तेच माझं असणार, असं मघाशी पोर म्हणाली होती.

दारातून कुणीतरी घाईघाईनं आत आलं. पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते, धापा टाकत होते, गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र. "तुम्हीच का त्या नऊ नंबरच्या? मी चांदगुडे, इथला संग्रहपाल. तुम्ही पाटी..." पुढचं त्यांना विचारावं लागलं नाही. मोनालीचा चेहरा पाहिला आणि ते थांबले.

"वाचली," मोनाली म्हणाली.

चांदगुडे सरांनी कपाळाला हात लावला. "पळत आलो हो. तरी उशीर झाला." ते तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवरच बसले. "चिठ्ठीवर आजाराचं एक अक्षर येऊ नये, म्हणून आम्ही दोन वर्षं बैठका घेतल्या. जिवंत माणसाची खासगी बाब, कुणाला धक्का बसायला नको, म्हणून फक्त घराचा नंबर द्यायचा ठरलं. आणि मेलेल्यांची मात्र सगळी कुंडली भिंतीवर लावली. नंबर हातात घेऊन माणूस त्याच घरात जाणार, तिथं पाटी वाचणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ही पाटी मीच लिहिलीय."

"शिकलेली माणसं ना तुम्ही?" मोनालीचा आवाज चढला. "वर बाहुली छापता. अभिनंदन म्हणता!"

"हे कूळ संपलं असंच आम्हाला वाटत होतं. इतकी जड चूक इतक्या पिढ्या टिकेल, असं..." त्यांचे डोळे चमकले. तीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना त्यांनी ही मडकी स्वतःच्या हातांनी, ब्रशनं माती झाडत उघडी केली होती. त्या घरातलं जिवंत माणूस आज समोर बसलं होतं. त्यांना आनंद झाला होता, आणि तो लपवता येत नाही याची लाजही वाटत होती. त्यांनी मान खाली घातली.

"माझी मुलगी इथेच आहे," मोनाली म्हणाली. "चार नंबरात फोटो काढतीय. सातवा महिना आहे तिला."

चांदगुडे सरांनी दाराबाहेर, चार नंबरच्या दिशेनं पाहिलं.

"मला सांगा की," ती म्हणाली. "मी ठणठणीत आहे. दुर्वा ठणठणीत आहे. एवढी मोठी झाली. मग तिच्यात नसेलच ना?"

"असेल. तुमच्यात आहे म्हणजे तिच्यात असणार. पण किती, ते सांगता येत नाही. बाई, हे डाळीतल्या खड्यांसारखं आहे. पोतं एकच, पण एका वाटीत एखादाच खडा येतो आणि दुसऱ्या वाटीत निम्मे खडे. खडे कमी आले की माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. जास्त आले की..." त्यांनी काचेकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "बाळाच्या वाटीत किती येणार, हे कुणाच्या हातात नाही. बाळ अगदी छान निघेल, असंही होऊ शकतं. खरंच होऊ शकतं."

"आणि तपासलं तर?"

"गर्भजलातून तपासता येतं. कळेल."

"कळून काय करायचं?"

"आता? आता काही नाही." त्यांनी ते शक्य तितक्या हळू सांगितलं. "दिवस राहण्याआधी कळतं तर उपाय होता. बीज आईचं ठेवतात आणि तंतुकणिका तेवढ्या दुसऱ्या निरोगी बाईच्या घेतात. आता पुष्कळ ठिकाणी करतात ते. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही इथं आला असता तर..."

"शिरूरला राहतो आम्ही," मोनाली म्हणाली. "चार वर्षं येता-जाता तुमची पाटी बघतोय रस्त्यावर. दुर्वा लग्नाआधीसुद्धा म्हणायची, जाऊ या एकदा. मीच म्हणायची, हाडं-कवट्या काय बघायच्या?" तिनं गुडघ्यावर मूठ आपटली. "बरं, बाळ झाल्यावर औषध?"

"अजून नाही."

"तीन हजार वर्षं झाली ना हो?"

"हो," चांदगुडे सर म्हणाले.

बाहेर लांबून वर्षाताईंचा आवाज आला. फोटोवाल्याला त्या काहीतरी सुनावत होत्या. मोनालीनं कान टवकारले. फटकळ बाई. आज पोरीला जीव लावतीय. पण उद्या हे कळलं, आणि बाळाचं काही झालं, तर? मुलीकडून आलंय म्हणतील, फसवलंत म्हणतील. म्हणणार नाहीतही कदाचित. पण दुर्वा? तिला सांगायचं म्हणजे पुढचे दोन महिने ती पोटावर हात ठेवून काय विचार करणार? आणि बाळ झाल्यावर, त्याची मान कधी धरते आणि कधी सुटते, याकडे डोळे लावून बसणार. नाही सांगायचं, तर बाळाच्या पाचव्या महिन्यात पोर आपल्यासारखीच कुठल्या तरी दोन वेढ्यांना दोष देत बसेल. जन्मभर. त्यातलं कमी वाईट कुठलं, हे मोनालीला ठरवता येईना.

"सर, एक विचारू? या बायांना माहीत असेल का?"

"एका घरात सात. काहीतरी माहीत असणारच."

"मग लेकीला दिवस गेले की आई तिला सांगत असेल? का गप्प राहून वरून सारवत असेल?"

चांदगुडे सरांनी खरोखर विचार केला. हा प्रश्न त्यांना तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, कुठल्या परिषदेत नाही, कुठल्या शोधनिबंधात नाही. "हाडातलं मला वाचता येतं," ते शेवटी म्हणाले. "त्या काय खात होत्या ते सांगू शकतो, किती वेळा जमीन सारवली तेही सांगू शकतो. कोण कुणाला काय बोललं, ते मातीत राहत नाही हो."

"आई! कुठायस गं?" दुर्वाची हाक जवळ आली.

मोनाली ताडकन उठली. "पाटी काढा," ती कुजबुजली.

"अहो, स्क्रूनं बसवलीय. काढायला माणूस बोलवावा लागेल, पाना..."

"मग झाका कशानं तरी!"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. झाकायला काही नव्हतं. त्यांनी खिशातून हातरुमाल काढला, पाटीकडे पाहिलं आणि तो परत खिशात ठेवला. दारात पैठणीचा हिरवा काठ दिसला. तेव्हा मोनाली दोन ढांगांत भिंतीपाशी गेली आणि पाटीला पाठ लावून उभी राहिली. ती बुटकी होती. वरच्या दोन ओळी तिच्या डोक्यावरून दिसत होत्या. तिनं टाचा उंचावल्या.

दुर्वा वाकून, एक हात कमरेवर ठेवून आत आली. मागोमाग वर्षाताई. "हे होय आपलं घर! किती गार आहे गं. मम्मी, चार नंबरपेक्षा हे छान आहे की नाही, खरं सांगा," ती सासूला म्हणाली. काचेच्या कडेला येऊन तिनं टाळी वाजवली. "अगंबाई, केवढी मडकी! आपल्याकडं भरपूर धान्य होतं वाटतं."

"भरल्या घरची आहे आमची सून," वर्षाताई कौतुकानं म्हणाल्या. "इथंच बसवा हो तिला, दादा," त्यांनी बाहेर फोटोवाल्याला हाक दिली. "काचेवरच बसवा. मडकी खाली दिसली पाहिजेत."

"नको!" मोनाली म्हणाली. तिघांनी तिच्याकडं पाहिलं. "गार लागेल. पाय अवघडतील. सातवा महिना आहे."

"काही होत नाही गं." दुर्वा एक हात टेकून काचेवर बसलीसुद्धा. पोटावरचा पदर सारखा केला, खाली मडक्यांकडं निरखून पाहिलं. "ही अशी तोंडाला तोंड का लावलीत? यात काय ठेवायच्या गं त्या? पाटीवर असेल ना लिहिलेलं. आई, सरक की जरा बाजूला."

मोनाली सरकली नाही. पाटीची थंड कड तिच्या पाठीत रुतत होती आणि उंचावलेल्या टाचा थरथरत होत्या. "धान्यच," ती म्हणाली. "तू म्हणालीस तेच. धान्य ठेवायच्या."

"धान्य असं आडवं ठेवतात होय? सांडेल की सगळं." दुर्वा हसली. मग तिला कोपऱ्यात उभे असलेले चांदगुडे सर दिसले, त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. ती त्यांच्याकडं वळली.

"सर, तुम्ही सांगा ना, काय होतं यात? आईला काय कळतंय त्यातलं?"